अवेळ कोणाची?

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. गल्लीतील कुत्री एकदा भुंकतात आणि ओळख पटताच पुन्हा अंग मुडपून पडतात. एका इमारतीचे दार हलकेच उघडते आणि कपाळावर छोटा दिवा बांधलेला एक माणूस बाहेर येतो. त्याला गाडी पकडायची नसते, की कोणाच्या आजारपणाचा निरोप आलेला नसतो. त्याला चाळीस किलोमीटर धावायचे असते आणि साडेनऊला कामावर हजर राहायचे असते. फाटकावरचा पहारेकरी कुलूप काढून देतो. त्याला या गोष्टीचे आता नवल वाटत नाही. तोही जागाच असतो.

मराठीत या घटकेला ‘अवेळ’ म्हणतात. जी वेळ कामाची नाही, प्रवासाची नाही, कोणाच्या दारी जाण्याची नाही, ती अवेळ. ‘अपरात्र’ हा शब्द त्याहूनही कठोर आहे; त्यात थोडी भीती मिसळलेली आहे. परंतु दूध पोहोचवणारे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारे, बंदरावर मासळी उतरवून घेणाऱ्या स्त्रिया, यंत्रमागावर रात्रपाळी करणारे कामगार यांच्या लेखी अडीच-तीन ही रोजच्या व्यवहाराची वेळ असते. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. अवेळ कोणती हे घड्याळापेक्षा माणसाच्या पोटापाण्यावरून अधिक ठरते.

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. त्याहून लांब पल्ल्याच्या कोणत्याही शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. ती पन्नास किलोमीटरची असू शकते, शंभर किलोमीटरची असू शकते, किंवा चोवीस तासांत कोण किती अंतर कापतो अशीही असू शकते. गेल्या दोन दशकांत आपल्या देशात अशा शर्यती वाढल्या आणि त्यांची तयारी करणारी नोकरदार मंडळीही वाढली. ही गोष्ट आनंदाचीच आहे. मात्र तिच्याबरोबर एक फुशारकीही वाढली आहे. कोण किती वाजता उठतो, कोण किती कमी झोपतो, यावरून धावपटूची निष्ठा मोजली जाऊ लागली आहे. ‘मनात असले की वेळ मिळतो’, हे वाक्य तर आता ब्रह्मवाक्य झाले आहे. या वाक्याकडे थोडे संशयाने पाहण्याची गरज आहे.

त्यासाठी प्रथम या तयारीचे स्वरूप समजून घ्यावे लागेल. जगातील अत्यंत जुन्या आणि नामांकित अल्ट्रामॅरेथॉन शर्यतींपैकी एक म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’. दरबान आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांदरम्यान सुमारे नव्वद किलोमीटर अंतराची ही शर्यत २४ मे १९२१ रोजी प्रथम झाली. पहिल्या महायुद्धात भाग घेतलेले व्हिक क्लॅपहॅम नावाचे एक रेल्वे इंजिनचालक तिचे प्रवर्तक होते. युद्धात कामी आलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नसावे, सोसण्याच्या शक्तीचे असावे, अशी त्यांची कल्पना होती. पहिल्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जणांनी शर्यत पुरी केली. आज तेथे हजारो लोक धावतात. शर्यत एका वर्षी समुद्रकाठच्या दरबानकडून चढणीने जाते, तर सामान्यतः पुढच्या वर्षी उलट दिशेने उतरते. उतरणीचे वर्ष सोपे असते, असा नवख्यांचा समज असतो. मांड्यांचे स्नायू तो समज दूर करतात.

या शर्यतीच्या आरंभीच्या काळात आर्थर न्यूटन नावाचे एक शेतकरी पुढे आले. आपल्या शेतजमिनीबाबत सरकारशी असलेल्या तक्रारीकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून त्यांनी धावण्याचा मार्ग निवडला. ती तक्रार कितपत न्याय्य होती, हा वसाहतीच्या इतिहासातील वेगळा प्रश्न आहे. १९२२ च्या आरंभी त्यांनी तयारीला प्रारंभ केला आणि त्याच वर्षी, वयाच्या ३९ व्या वर्षी, शर्यत जिंकली. पुढे १९२३, १९२४, १९२५ आणि १९२७ या वर्षीही तेच पहिले आले. त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती. लांब पल्ल्याची तयारी वेगाने धाप लागेपर्यंत धावून होत नाही. ती संथपणे, पुष्कळ अंतर, महिनोन्‌महिने धावून होते. आजही तयारीचा गाभा हाच आहे. बरोबरच्या माणसाशी बोलता येईल इतक्या बेताच्या गतीने धावावे, अंतर हळूहळू वाढवावे, शनिवारी दीर्घ धाव घेतल्यावर रविवारी थकलेल्या पायांनीच पुन्हा धावावे, आणि शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करून शरीराला सावरू द्यावे.

येथेच वेळेचा प्रश्न उभा राहतो. संथ गतीने चाळीस किलोमीटर धावायचे म्हणजे साडेचार-पाच तास लागतात. न्यूटन स्वतःच्या शेतावर राहत होते. दुपारचे तीन तास त्यांना कोणाकडे मागावे लागत नव्हते. बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणाऱ्याला ते मागावे लागतात आणि दिवस ते देत नाही. मग रात्रीकडे हात पसरावा लागतो. आपल्या देशात याला ऋतूचीही जोड मिळते. अलीकडच्या काळात शेकडो भारतीय धावपटू कॉम्रेड्ससाठी जातात आणि त्यांत मुंबई-पुण्याचे बरेच असतात. ही शर्यत बहुधा जून महिन्यात होते. तेव्हा तिकडे हिवाळा असतो. परंतु तयारीचे शेवटचे, सर्वांत कष्टाचे महिने इकडे मार्च, एप्रिल आणि मे हे असतात. नागपूरला त्या दिवसांत सकाळी आठ वाजताच ऊन अंगाला झोंबू लागते. मुंबईत ऊन त्या मानाने कमी, पण हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. तेव्हा रात्री अडीचला घराबाहेर पडणे ही हौस नसते. चाळीस किलोमीटर धावण्याजोगी तेवढीच एक वेळ उरलेली असते.

अवेळी धावण्याचे दुसरेही एक कारण आहे आणि ते अधिक शास्त्रीय आहे. लडाखमध्ये खारदुंग गावापासून खारदुंग ला ही खिंड ओलांडून लेहला येणारी ७२ किलोमीटरची शर्यत होते. खिंडीची उंची सव्वापाच हजार मीटरांहून अधिक आहे. ही शर्यत पहाटे तीन वाजता, काळोखात आणि कडाक्याच्या थंडीत सुरू होते. ज्याला तीन वाजता धावायचे आहे त्याने तीन वाजता धावण्याचा काही सराव केलेला असावा, हे उघड आहे. मनुष्याच्या शरीराला स्वतःची एक दिनचर्या असते. नेहमीच्या उठण्याच्या वेळेपूर्वी दोन-तीन तास शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते. हालचाली मंदावलेल्या असतात. निर्णयशक्तीही मंद असते. दिवसा सहज पचणारे अन्न त्या घटकेला पोटात दगडासारखे बसते. आणि खाल्ल्यावाचून तर गत्यंतर नसते, कारण स्नायूंत व यकृतात साठवलेली शर्करा साधारण तीसएक किलोमीटरनंतर संपत येते. तेव्हा किती खावे, काय खावे, पाणी किती प्यावे, हे सारे त्याच वेळी, त्याच अंधारात करून पाहावे लागते. प्रमाणाबाहेर पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घटते आणि प्रसंगी जीवावर बेतते. ‘जितके प्यावे तितके चांगले’ हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. अंधारात पाऊल कसे टाकावे, दिव्याच्या लहानशा वर्तुळापलीकडे रस्ता नाहीसा झाल्यावर मन कसे आवरावे, हेही पुस्तकातून शिकता येत नाही.

म्हणून शर्यतीची तालीम म्हणून घेतलेली रात्रीची धाव योग्यच आहे. परंतु तालीम ही तालमीपुरती असते. नाटकाच्या रंगीत तालमी दोन-तीन होतात, वर्षभर रोज होत नाहीत. संपूर्ण तयारीत अशा तीन-चार धावा पुरे आहेत. त्यापलीकडे दर आठवड्याला मध्यरात्री उठून धावणाऱ्याला, आणि त्यापायी चार-पाच तासांच्या झोपेवर दिवस काढणाऱ्याला, तयारी करतो आहोत असे वाटत असले तरी तो केलेली तयारी खर्चून टाकत असतो. धावताना स्नायूंची झीज होते. ती भरून येण्याचे बरेचसे काम गाढ झोपेत होते. ज्या तासांत शरीर बळकट व्हायचे तेच तास धावण्यासाठी मोडून घेतले, तर हिशेब जुळणार कसा? वारंवार सर्दी-पडसे, पोटऱ्यांचे न बरे होणारे दुखणे, चिडचिड, कामावर डुलक्या, ही त्या न जुळलेल्या हिशेबाची बाकी असते.

याला उत्तर म्हणून क्लिफ यंग यांचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी ते मेलबर्न अशी ८७५ किलोमीटरची शर्यत झाली. तीत ६१ वर्षांचे, बटाट्याची शेती करणारे यंग उतरले. तरुण, नामवंत धावपटूंना मागे टाकून त्यांनी ही शर्यत ५ दिवस, १५ तास आणि ४ मिनिटांत जिंकली, आणि बक्षिसाची रक्कम बरोबरच्या धावपटूंत वाटून टाकली. इतर धावपटू रात्री विश्रांती घेत असताना यंग आपल्या फरफटत चालल्यासारख्या चालीने पुढे सरकत राहिले. कथा सांगताना मात्र ‘ते पाचही रात्री झोपलेच नाहीत’ असे सांगितले जाते. हे खरे नाही. ते झोपले, इतरांपेक्षा कमी झोपले. पुन्हा, ही गोष्ट शर्यतीतील आहे, तयारीतील नव्हे. यंग यांची तयारी म्हणजे शेतावर मेंढ्यांमागे पायी केलेल्या धावपळीची अनेक वर्षे होती. पाच दिवस झोप मोडण्याची ताकद त्यांच्यात आली ती त्या वर्षांतून. आपण कथेतून फक्त जागरण उचलतो, कारण उचलायला ते सोपे असते. लग्नघरातल्या जागरणाने कोणी गवई होत नाही.

रात्री धावणे ही काही आजच्या काळाची निर्मिती नव्हे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. रेल्वे येण्यापूर्वी आणि नंतरही दुर्गम भागांत टपाल नेणारे हरकारे रात्रंदिवस धावत. एकाने आपला टप्पा पुरा केला की थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई. दाट रानातून जाताना सोबत मशालजी असे. हिंस्र पशूंना दूर ठेवण्यासाठी ढोल वाजवणाराही असे. आजच्या धावपटूच्या कपाळावरचा विजेचा दिवा त्या मशालीचा नातू म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की हरकाऱ्याला धावण्याबद्दल तुटपुंजा मुशाहिरा मिळत होता आणि आजचा धावपटू धावण्यासाठी प्रवेशशुल्क भरतो. हरकाऱ्याच्या पदरी ती रात्र पडलेली होती; धावपटू ती निवडतो. निवडता येणे हीच त्याची श्रीमंती आहे. ती वापरण्यात गैर काही नाही, पण ती आहे हे विसरू नये.

कारण निवडलेल्या रात्रीची किंमत एकटा धावपटू कधीच देत नाही. अडीचला गजर वाजतो तेव्हा खोलीतील दुसरे माणूसही जागे होते. बाप धावून परत येईपर्यंत मुलाला उठवणे, डबा भरणे, शाळेच्या गाडीपर्यंत पोहोचवणे कोणीतरी केलेले असते. रविवारी दुपारी दमलेला धावपटू झोपतो आणि घर दबक्या पावलांनी वावरते. पाहुण्यांना ‘तो जरा पडला आहे’ असे सांगावे लागते. वर्ष-सहा महिने हे चालते. शर्यतीनंतर पदक एकाच्या गळ्यात पडते. ज्या घरांत हा व्यवहार आधी बोलून ठरवलेला असतो, त्या घरांत पदकाचे कौतुक सर्वांना असते. जेथे तो गृहीत धरलेला असतो, तेथे ते पदक खुंटीला टांगलेले राहते आणि त्याच्याकडे पाहून कोणी फारसे हसत नाही.

आणि गृहीत धरणे बहुतेक वेळा एकाच बाजूने होते. हीच धाव घरातील सुनेने घ्यायची ठरवली तर? ‘मनात असले की वेळ मिळतो’ हे वाक्य तिच्याबाबतीत कोणी उच्चारत नाही. पहिला प्रश्न येतो तो स्वयंपाकाचा, दुसरा येतो ‘इतक्या रात्री एकटी?’ हा. दुसरा प्रश्न अकारण नसतो. निर्मनुष्य रस्ता, विझलेले दिवे, मागून मंदावत येणारी एखादी मोटार यांची भीती पुरुषालाही काही प्रमाणात असते, पण स्त्रीला ती रोज घराच्या उंबरठ्यावरच भेटते. त्यामुळे तिच्यासाठी पहाटेचे ते तास घड्याळात असूनही नसल्यासारखे असतात.

कॉम्रेड्सचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या महिलेला शर्यतीत अधिकृत प्रवेश नाकारण्यात आला. त्या तरीही धावल्या आणि त्यांनी संपूर्ण अंतर पार केले. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हे कृष्णवर्णीय धावपटू असेच अनधिकृतपणे धावले. सोसण्याची शक्ती कोणा एका वर्णाची वा लिंगाची मक्तेदारी नाही, हे अशा रीतीने रस्त्यावर सिद्ध झालेले होते. तरीही स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृतपणे धावू देण्यास १९७५ साल उजाडावे लागले. म्हणजे पहिल्या शर्यतीनंतर ५४ वर्षे! त्या ५४ वर्षांत त्यांच्या ‘मनात नव्हते’ असे कोणी म्हणेल काय? पुढे १९८९ मध्ये सॅम त्शाबालाला हे या शर्यतीचे पहिले कृष्णवर्णीय विजेते ठरले. रस्ता तोच होता, टेकड्या त्याच होत्या. दार उघडायचे राहिले होते.

आपल्याकडे नियमांत अशी बंदी नाही. आपल्याकडची बंदी वेळेत लपलेली आहे. खारदुंग ला येथील शर्यतीसाठी विरळ हवेची सवय व्हावी म्हणून काही दिवस आधीच लडाखला जाऊन राहावे लागते. तेवढी रजा रोजंदारीवर काम करणाऱ्याला कोण देणार? रात्री दहापर्यंत दुकानात उभी राहणारी मुलगी अडीचला उठेल कशी? फाटक उघडून देणारा तो पहारेकरी बारा तास जागा राहिलेला असतो. त्याच्या पायांत नव्वद किलोमीटर नसतीलच असे कोणी सांगावे? अनेक उत्तम धावपटू शेतमजुरांच्या आणि छोट्या शेतकऱ्यांच्या घरांतून आले आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याविषयी मात्र आपण ‘इच्छाशक्ती कमी पडली’ एवढेच बोलतो.

याचा अर्थ लांब धावणे हा सुखवस्तूंचा चाळा आहे असा नाही. वयाच्या ८० व्या वर्षी, १९८९ मध्ये, वॉली हेवर्ड यांनी कॉम्रेड्स पूर्ण केली. तेव्हाची मर्यादा अकरा तासांची होती आणि ती संपायला दोन मिनिटेही उरली नव्हती. पूर्वी पाच वेळा ही शर्यत जिंकलेला तो माणूस शेवटी जवळजवळ कोलमडत अंतिम रेषेवर पोहोचला. ते दृश्य पाहणाऱ्याला ‘याचा उपयोग काय?’ असे विचारावेसे वाटत नाही. आता मर्यादा बारा तासांची आहे. ती संपण्याच्या क्षणी एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ फिरवून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. कोण एका पावलाने चुकला हे दिसू नये म्हणून ती पाठ. तिकडच्या हिवाळ्यात तोवर दिवस मावळलेला असतो. पहाटेच्या अंधारात निघालेला माणूस संध्याकाळच्या अंधारात येऊन थांबतो.

अशा दिवसासाठी वर्षभर झटणे चांगलेच आहे. प्रश्न आहे तो त्या वर्षाची आखणी कशी होते हा. अनेक शहरांत आता धावपटूंचे गट आहेत. काही गट दीर्घ धावेच्या दिवशी मागे एक मोटार ठेवतात, उजेड असलेलाच रस्ता निवडतात, कोणालाही एकटे मागे सोडत नाहीत. अंगावर उजेडात चमकणारा पट्टा नसेल तर धावू देत नाहीत. अशा गटांत स्त्रिया अधिक दिसतात, हा योगायोग नव्हे. काही जण पाळीपाळीने धावतात: एका रविवारी पतीची दीर्घ धाव, पुढच्या रविवारी पत्नीची. एखादा मालक महिन्यातून एक दिवस कामगाराला दोन तास उशिरा येऊ देतो आणि त्याबद्दल पगार कापत नाही. या गोष्टींच्या बातम्या होत नाहीत. तीन वाजता उठणाऱ्याची होते.

गटाची जमण्याची वेळ तीनऐवजी पाच केली तर ऊन लवकर लागेल, चाळीसऐवजी तीसच किलोमीटर होतील, आणि उरलेले दहा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरे करावे लागतील. एखाद्याची शर्यतीतील वेळ त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांनी लांबेलही. पण पाच वाजता पहिली लोकल आणि पहिली बस सुटलेली असते, चहाची टपरी उघडलेली असते, आणि दूरच्या वस्तीतून एकटीने येणाऱ्या मुलीला पोहोचता येते. अनुभवी धावपटूंनी हा सौदा एकदा मांडून पाहावा.